अदृश्य मालाची जकात

देवळाली कॅम्पांत लॅम रोडच्या बाजूस आमच्या परिचयाचें एक कुटुंब राहतें. त्या घरची सून पूर्वीं एका शाळेंत चित्रकला शिकवीत असे. मुलें लहान असतांना तिनें ती नोकरी सोडली, आणि पुढें घरीं बसून ठिपक्यांच्या रांगोळ्या, वारली पद्धतीच्या वेलपट्ट्या, बालवर्गासाठीं अक्षरें गिरविण्याचीं पानें असें कांहीं ना कांहीं संगणकावर काढून तें इंटरनेटवरून विकण्यास आरंभ केला. माल म्हणजे काय, तर एक फाईल. ती एकदां तयार झाली कीं विकून संपत नाहीं. पुण्याच्या गिऱ्हाइकानें घेतली तरी ती देवळालीस शिल्लक राहते, आणि टोरांटोच्या गिऱ्हाइकानें घेतली तरीहि राहतेच. दुकान नाहीं, पाटी नाहीं, तराजू नाहीं, पोतें नाहीं. गेल्या वर्षीं प्राप्तिकराचें विवरणपत्र भरण्याची वेळ आली तेव्हां ती कागदांची चवड घेऊन आमच्याकडे आली व म्हणाली, "काका, पैसे किती मिळाले तें मला ठाऊक आहे. पण मी कोण, तें आधीं लिहायचें आहे. मी वाणी, कीं पंतोजी?"

प्रश्न ऐकून आम्ही हंसलों, आणि मग लक्षांत आलें कीं उत्तर आपल्यालाहि चटकन्‌ देतां येत नाहीं. जुनीं पुस्तकें चाळूं लागलों तेव्हां असें दिसलें कीं हा प्रश्न तिचा एकटीचा नाहीं. कर घेणारा आणि कर देणारा ह्यांच्यामधला तो फार जुना प्रश्न आहे. त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवावी म्हणून हा लेख.

देवळालीसारख्या ठिकाणीं तो निघावा ह्यांत थोडी मौज आहे. ह्या टापूंत सगळा व्यवहार डोळ्यांना दिसेल असा चालत आला. इंग्रजी अमदानींत विलायतेहून येणाऱ्या व विलायतेस परत जाणाऱ्या गोऱ्या तुकड्या येथल्या बराकींत मुक्काम करीत. जहाजाची वाट पाहून कंटाळलेल्या शिपायांनीं गांवाचें नांव 'डूलाली' असें मोडून तें वेडाच्या अर्थानें इंग्रजी बोलींत रूढ केलें, आणि त्याच्या शेपटाला आपला 'ताप' हा शब्दहि जोडला. शेजारच्या नाशिक शहरांत येणारा माल कालपरवांपर्यंत नाक्यावर थांबत असे. जकात जाऊन तिच्या जागीं स्थानिक संस्था कर आला तो २०१३ सालीं. आणि एक स्टेशन पलीकडे, नाशिकरोडास, १९२५ सालीं सरकारनें टपालाचीं तिकिटें व मुद्रांक छापण्याचा कारखाना काढला. त्यापूर्वीं हीं तिकिटें लंडनहून छापून येत. तीनच वर्षांनीं त्याच्या शेजारीं नोटांचा छापखाना उभा राहिला. महसुलाला जें कागदी शरीर असतें तें ह्या परिसरांत घडतें म्हणावयास हरकत नाहीं. अशा मुलुखांत ज्याला शरीरच नाहीं असा माल निघाला, आणि तो नाक्यावरून न जातां विकला जाऊं लागला.

मराठी राज्यांतील करपद्धति ह्या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. जमीन कसणाऱ्याकडून सारा घेत. जो जमिनीवर जगत नाहीं, त्याच्या धंद्यावर 'मोहतर्फा' बसे. कोष्ट्याच्या मागावर इतके, तेल्याच्या घाण्यावर इतके, वाण्याच्या दुकानावर इतके, अशी ती आकारणी. घाणा दिवसाला किती तेल गाळतो आणि त्यांतून तेल्याच्या पदरीं काय पडतें, हें कोणी विचारीत नसे; घाणा आहे, एवढें पुरे. हें न्यायाचें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. ज्याचा बैल मेला आहे आणि घाणा उभा आहे, त्यालाहि पट्टी चुकत नव्हती. पण ह्या पद्धतींत एक गोष्ट होती. सरकार पाहून कर बसवी, विचारून नव्हे. तेल्याच्या शब्दावर कांहींच अवलंबून नसल्यामुळें त्याच्या शब्दावर कोणी अविश्वासहि दाखवीत नसे.

इंग्रजांनीं ही पद्धति कांहीं काळ तशीच चालविली व १८४४ च्या एकोणिसाव्या कायद्यानें मुंबई इलाख्यांतून ती उठविली. शहरजकाती, मोहतर्फा, बलुत्यांवरील पट्ट्या अशा धंद्यांवरील नाना प्रकारच्या वसुल्या एकदम गेल्या. अर्थात्‌ सरकारनें हातचें सोडलें नाहीं. मिठावरील कर मणामागें आठ आण्यांचा एक रुपया केला. त्यावरून सुरतेस दंगा झाला, आणि तो बारा आण्यांवर आणणें भाग पडलें. करांच्या इतिहासांत सुरतेचा बाजार वैद्याच्या बोटांखालच्या नाडीसारखा आहे. पुढेंहि तिचें नांव दोनदां यावयाचें आहे.

मग १८५७ चें बंड झालें, तिजोरी कर्जांत बुडाली, आणि ती सांवरण्यासाठीं जेम्स विल्सन नांवाचा गृहस्थ विलायतेहून कलकत्त्यास आला. पूर्वीं टोप्यांचा धंदा केलेला, पुढें 'इकॉनॉमिस्ट' हें पत्र काढून नांवारूपास आलेला असा हा मनुष्य. १८ फेब्रुवारी १८६० रोजीं त्यानें हिंदुस्थानचें पहिलें अंदाजपत्रक मांडलें, व त्यांत प्राप्तीवर कर सुचविला. वर्षाला दोनशें ते पांचशें रुपये मिळविणाऱ्यास शेंकडा दोन, व त्यापुढें शेंकडा चार. हा कर ह्या देशास नवा नाहीं हें दाखविण्यासाठीं त्यानें मनूचा आधार दिला. आधार अगदींच पोकळ नव्हता. व्यापाऱ्यावर कर बसवितांना त्याची खरेदी, विक्री, वाटेचें अंतर, भोजनाचा व संरक्षणाचा खर्च हें सर्व पाहून मग आकारणी करावी, असें मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत सांगितलें आहे. विक्रीवर नव्हे, नफ्यावर कर घ्यावा, हें तत्त्व त्यांत आहे. पण मनूच्या राजानेंहि व्यापाऱ्याला कागद देऊन 'तुझें तूं लिहून दे' असें म्हटलेलें नाहीं. विल्सनचा कर नवा होता तो येथें.

२४ जुलै १८६० रोजीं कायदा अमलांत आला. पुरते तीन आठवडे झाले नाहींत तोंच, ११ ऑगस्टला, विल्सन कलकत्त्यास अतिसारानें वारला. मद्रासचा गव्हर्नर ट्रेव्हेलियन ह्यानें ह्या कराला उघड विरोध केला, म्हणून त्याला परत बोलावण्यांत आलें होतें. मुलखांत पत्रकें वांटण्यास सुरुवात झाली, आणि खरा कल्लोळ मग उठला. सुरतेस व्यापाऱ्यांनीं दुकानें बंद केलीं. डिसेंबरांत वसईस हजारों लोकांचा जमाव प्राप्तिकराच्या अधिकाऱ्याकडे चालून गेला व दंगा झाला.

हें सर्व शेंकडा दोन-चारांसाठीं झालें असें समजणें आम्हांस बरोबर वाटत नाहीं. त्या काळचा सावकार किंवा आडत्या पतीवर जगे, आणि पत ही झांकलेल्या मुठीसारखी असते. आपलें उत्पन्न मोठें म्हणून लिहून द्यावें तर कर बसतो व भाऊबंद वांटणीला उभे राहतात. लहान म्हणून लिहून द्यावें तर ठेवी ठेवणारे दुसरे दिवशीं दारांत. शिवाय लिहून दिलेलें अधिकाऱ्याला पटलें नाहीं तर तो चोपड्या मागणार, म्हणजे बापजाद्यांची वही परक्या माणसापुढें उघडणार. दिवाळींत जिची पूजा करावयाची ती वही! 'तूं सांग' म्हणावयाचें आणि सांगितल्यावर 'दाखव' म्हणावयाचें, ह्यांतला अपमान लोकांना डाचला. मोहतर्फ्यांत अन्याय होता. पण मनुष्याचा शब्द मागून घेऊन मग तो नाकारण्याचा प्रकार त्यांत नव्हता.

पुढच्या पंचवीस वर्षांत सरकारचें मन किती डळमळलें तें पाहिलें म्हणजे ह्या अडचणीची खोली कळते. १८६२ सालीं करमाफीची मर्यादा पांचशेंवर नेली. १८६५ सालीं कर बंद केला. १८६७ सालीं धंद्यांवर परवाना-कर, १८६८ सालीं त्याचेंच नांव बदलून दाखल्याचा कर, १८६९ सालीं पुन्हा प्राप्तिकर, १८७३ सालीं पुन्हा बंद. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर परवाना-कर परत आला, आणि १८७८ च्या एप्रिलांत सुरतेस असा दंगा उसळला कीं पाळी गोळीबारापर्यंत गेली. विचारून कर घ्यावा तर लोक सांगत नाहींत, पाहून घ्यावा तर गरीब भरडला जातो. ह्या दोहोंमध्यें सरकार हेलकावे खात होतें. अखेर १८८६ च्या दुसऱ्या कायद्यानें प्राप्तिकर कायमचा झाला. शेतीचें उत्पन्न त्यांतून वगळलें, पांचशेंच्या आंतील उत्पन्नास माफी दिली, दोन हजारांवर रुपयास पांच पै असा दर ठेवला. १९०३ सालीं माफीची मर्यादा एक हजार झाली. पुढें १९२२ चा कायदा, त्यानंतर १९६१ चा, आणि आतां २०२५ चा, ज्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ही आहे. पण इमारतीचा पाया १८८६ चाच म्हणावा लागेल.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घराण्यांचा ह्या कराशीं संबंध आला तो मात्र निराळ्या दारानें. सरकारी नोकराचा कर पगारांतूनच कापून घ्यावा, अशी तजवीज १८८६ पासूनच आहे. मामलेदार कचेरींतला अव्वल कारकून प्राप्ति लपवीत नसे, कारण त्याला ती लपवितांच येत नव्हती. आपण प्रामाणिक आणि व्यापारी तेवढा लबाड, अशी जी एक समजूत आमच्या पांढरपेशा वर्गांत पिढ्यान्‌पिढ्या आहे तिचा बराचसा भाग ह्या कपातीनें तयार झालेला आहे, असें आम्हांस कधीं कधीं वाटतें. ज्याची परीक्षाच झाली नाहीं त्यानें पहिल्या वर्गाची ऐट मिरवूं नये. आतां त्याच वर्गांतल्या लेकीसुना घरीं बसून माल विकूं लागल्या आहेत आणि त्यांच्यापुढें १८६० चा कोरा कागद प्रथमच आला आहे.

हा अदृश्य माल सर्वस्वीं नवा आहे असें मात्र नाहीं. त्याचा एक पूर्वज नाशिकचाच. दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र' झाल्यावर १९१३ सालीं मुंबईहून नाशिकला आले आणि पुढें १९१८ सालीं तेथेंच हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. फाळके काय विकीत होते? पडद्यावरची सांवली. प्रेक्षक पैसे देऊन आंत जाई व रिकाम्या हातीं बाहेर येई. आणि तीच फीत दुसऱ्या दिवशीं दुसऱ्या गांवीं नव्यानें विकली जाई. एकदां करावें आणि अनेकदां विकावें, हा आमच्या देवळालीच्या बाईचा धंदा तत्त्वतः हाच. पण सांवलीला नाट्यगृह लागत असे, नाट्यगृहाला दार असे, दाराशीं तिकीट असे. १९२३ सालीं मुंबई सरकारनें करमणूक-कराचा कायदा केला आणि त्या तिकिटाला कराची जोड दिली. माल दिसत नसेना का. दार दिसत होतें.

विक्री-कराची गोष्ट याहून बिकट झाली. मुंबई प्रांतांत तो १९४६ च्या कायद्यानें सार्वत्रिक झाला आणि 'माल' म्हणजे काय ह्यावर वाद माजूं लागले. संगणकाचें सॉफ्टवेअर हा माल कीं विद्या, हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य ह्या प्रकरणीं २००४ च्या नोव्हेंबरांत न्यायालयानें ठरविलें कीं तबकडीवर भरून बाजारांत ठेवलेलें सॉफ्टवेअर हा मालच होय. मग तबकड्या गेल्या, व नुसती फाईल तारेवरून जाऊं लागली. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर आला. त्यांत अशी इंटरनेटवरून पोंचविलेली फाईल सेवेंत मोडते. म्हणजे तबकडीवर असतांना जी वस्तु होती ती तबकडी काढून घेतल्यावर सेवा झाली. पंचभौतिक देह सुटल्यावर नामांतर व्हावें, तसाच हा प्रकार.

परदेशांतून येथें माल विकणाऱ्या बड्या कंपन्यांना गांठण्यासाठींहि सरकारनें एक प्रयोग करून पाहिला. येथें कचेरी नाहीं, म्हणून प्राप्तिकर नाहीं. पण येथल्या जाहिरातींचा पैसा मात्र तिकडे जातो. त्यावर १ जून २०१६ पासून शेंकडा सहाचा समकरण-कर बसला; लोकांनीं त्याला 'गूगल टॅक्स' म्हटलें. २०२० च्या एप्रिलांत परदेशी ई-दुकानांच्या विक्रीवर शेंकडा दोनची भर पडली. अमेरिकेनें चौकशी करून हा कर पक्षपाती ठरविला व दबाव आणला. दोनचा कर १ ऑगस्ट २०२४ रोजीं गेला, सहाचा १ एप्रिल २०२५ रोजीं. समुद्रापलीकडच्या हत्तीला बांधावयाचा दोर नऊ वर्षांत सोडावा लागला. लॅम रोडवरच्या मुंगीला मात्र विवरणपत्र भरावेंच लागतें. ह्यांत कोणावर दोषारोप करण्याचा आमचा हेतु नाहीं. पण कोणाचा शब्द कोठें मागितला जातो, हें नोंदून ठेवण्यासारखें आहे.

आतां त्या बाईच्या कागदांकडे वळूं. पहिली चूक अशी होती, आणि ती अनेकांची होते, कीं बँकेंत जमा झालेली रक्कम हीच आपली विक्री, असें तिनें धरलें होतें. वस्तुतः गिऱ्हाइकांनीं तिच्या मालापोटीं वर्षांत सुमारें चार लाख चाळीस हजार रुपये दिले होते. विक्री करून देणाऱ्या वेबसाइटनीं आपलें अडत कापून तिच्या खात्यांत तीन लाख साठ हजार धाडले. विक्री म्हणून लिहावयाचे ते चार लाख चाळीस; अडत हा खर्च. जुन्या आडत्याच्या पट्टींत जसें असे, तसेंच हें. देशी ई-दुकानांतून होणाऱ्या विक्रीवर २०२० च्या ऑक्टोबरापासून दुकानदारानेंच कर कापून भरावा असा नियम झाला आहे. मात्र लहान विक्रेत्याची त्या दुकानांतील वर्षाची विक्री पांच लाखांच्या आंत असली व त्यानें आपला पॅन क्रमांक दिलेला असला, तर कपात होत नाहीं. सेवेची एकूण उलाढाल वीस लाखांच्या आंत असल्यामुळें वस्तु व सेवा कराची नोंदणीहि तिला लागली नाहीं.

मग मूळ प्रश्न आला. वाणी कीं पंतोजी? लेखकाला पुस्तकाच्या मानधनावर जुन्या करपद्धतींत तीन लाखांपर्यंत वजावट मिळे; पण ती प्रकाशकाला हक्क देऊन मानधन घेणाऱ्याची. हिचा प्रकाशक ही स्वतःच. २०१६-१७ सालापासून लहान व्यावसायिकांसाठीं एक सोपी वाट आहे : हिशेब ठेवूं नका, मिळकतीचा निम्मा भाग नफा म्हणून लिहा. परंतु ती ठराविक पेशांना. वकील, वैद्य, इंजिनिअर, वास्तुविशारद, हिशेबनीस, घरांच्या अंतर्भागाची सजावट करणारा, सिनेमांतला कलावंत असे त्या यादींत आहेत. यादी आम्ही दोनदां वाचली. तींत पंतोजी नाहीं.

तेव्हां राहिला वाणी. लहान दुकानदारासाठींहि तशीच वाट आहे. पैसे बँकेमार्फत आले असतील तर विक्रीचे शेंकडा सहा हा नफा धरावा. किराणा मालाच्या दुकानाला हा हिशेब शोभतो; शंभराची साखर विकली तर सहा रुपये सुटले तरी पुष्कळ. पण फाईलींत साखर कोठें आहे? तिला मुद्दल नाहीं, वाहतूक नाहीं, घट-तूट नाहीं. घाणा एकच, आणि तेल मात्र आटत नाहीं. चार लाख चाळीस हजारांचे शेंकडा सहा म्हणजे सव्वीस हजार चारशें. तेवढेंच लिहिलें असतें तर, दुसरें उत्पन्न नसल्यामुळें, विवरणपत्र भरण्याचेंहि कारण उरलें नसतें. आणि खरा नफा? अडत वजा जातां, संगणकाची घसारा-रक्कम, सॉफ्टवेअरचें वार्षिक भाडें व इंटरनेटचें बिल जाऊन, तीन लाख तीस हजारांच्या आसपास.

कायद्याचे शब्द नीट पाहिले पाहिजेत. शेंकडा सहा, किंवा करदात्यानें आपल्याला त्याहून अधिक मिळालें असें स्वतः सांगितलें तर तें अधिक. म्हणजे मोहतर्फा आणि विल्सनचें पत्रक हीं दोन्हीं एका वाक्यांत शेजारीं शेजारीं बसविलेलीं आहेत. अर्धें वाक्य घाणा पाहून कर बसवितें, अर्धें तेल्याला विचारतें. बहुतेक माणसें पहिल्या अर्ध्यावर थांबतात. त्यांना आम्ही चोर म्हणणार नाहीं. तिच्या यजमानांनींहि तेंच सुचविलें. "सगळे सहाच लिहितात," असें ते म्हणाले. ते स्वतः पगारदार आहेत, आणि त्यांचा कर दरमहा कापला जातो.

बाई बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, "काका, सहा लिहिलें तर त्यांना चालेल हें कळलें. पण मुलीच्या शाळेच्या फीसाठीं कर्ज काढायचें झालें, तर बँकेंत मी काय सांगूं? वर्षभर रात्रीं बारा-बारापर्यंत बसून मी सव्वीस हजार मिळविले?" सुरतेच्या सराफानें १८६० सालीं जो पेंच पाहिला होता तोच हा, फक्त उलट्या बाजूनें. त्याला आपली प्राप्ति झांकून आपली पत राखावयाची होती. हिला आपली प्राप्ति दाखवूनच पत मिळवावयाची आहे. तिच्या मालाला देह नाहीं, दुकानाला दार नाहीं, शेजाऱ्यांना ती दिवसभर घरींच असलेली दिसते. ती काय करते आणि त्याचें मोल काय, हें सांगणारा दुसरा कागद जगांत नाहीं.

दरम्यान सरकारनेंहि आपली नजर सुधारली आहे. २०२१ च्या नोव्हेंबरापासून करदात्याला एक वार्षिक माहितीपत्रक मिळतें. त्यांत बँकेचें व्याज, कापलेला कर, मोठे व्यवहार असें सर्व आधींच छापलेलें असतें. १८६० च्या अधिकाऱ्याला चोपडी मागावी लागे. आतां चोपडीच्या कित्येक ओळी त्याच्याकडे अगोदरच असतात. तिच्या पत्रकांत मात्र बचत खात्याचें थोडें व्याज, एवढीच एक ओळ होती. रांगोळ्यांविषयीं तें मुकें होतें. जें लिहावयाचें तें तिच्याच हातून लिहिलें जावयाचें होतें.

तिनें तीन संध्याकाळी घालविल्या. वेबसाइटनिहाय विक्री, अडत, परकी चलनाचा त्या त्या दिवसाचा भाव, असा सर्व हिशेब एका वहींत उतरविला. वही मुलीच्या गेल्या वर्षींची, अर्धी कोरी राहिलेली. धंद्याच्या रकान्यांत तिनें दुकानदारी लिहिली व नफ्याच्या रकान्यांत तीन लाख तीस हजार. उत्पन्न सवलतीच्या मर्यादेंत बसत असल्यानें 'देय कर' ह्या शब्दांपुढें शेवटीं शून्य आलें. यजमान म्हणाले, "एवढ्यासाठीं इतका खटाटोप!" तिनें तें पान छापून घेतलें, त्याला दोन भोंकें पाडलीं, आणि फाईलींत लावलें. ही फाईल पुठ्ठ्याची होती.